रिमोटच्या बोटीत लिपो घालावी की दुसरी बॅटरी?

पहिली बोट घेणाऱ्याला बहुतेक जण एकच सल्ला देतात: लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी घे. वेगाच्या बोटीसाठी तो बरोबर आहे. टग (जहाजं ओढणारी बोट), ट्रॉलर (मासेमारीची बोट) किंवा शिडाची बोट असेल तर मात्र तोच सल्ला विनाकारण खर्चात टाकतो आणि घरात नको ती काळजी आणतो. बॅटरी ठरवताना दोनच गोष्टी पाहाव्यात: बोट किती करंट ओढते, आणि तळ्यावरून घरी आल्यावर बॅटरीसाठी अर्धा तास द्यायची आपली तयारी आहे का.

बोट बॅटरीला गाडीपेक्षा जास्त राबवते. गाडी उतारावर मोकळी घरंगळते, तेवढी बॅटरीला उसंत मिळते. पाण्यात थ्रॉटल सोडला की बोट लगेच मंदावते, त्यामुळे वेग हवा तर भार सतत सोसावाच लागतो. वर झाकणाला टेप लावून हल, म्हणजे बोटीचं धड, बंद केलेला असतो. मोटर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं यंत्र) यांच्याभोवती पाण्याची नळी फिरवता येते, बॅटरीची उष्णता मात्र आतच कोंडते. त्यात जलपर्णीचं मूळ किंवा जाळ्याचा तुकडा प्रोपेलरला गुंडाळला गेला की करंट झपकन चढतो आणि काठावरून ते कळतही नाही.

हिशेब सोपा आहे. ५००० एमएएचची (मिलिअँपिअर-तासांची) बॅटरी ८० टक्केच वापरायची, म्हणजे हाताशी ४ अँपिअर-तास. वेगाची बोट सरासरी ४० अँपिअर ओढत असेल तर ६ मिनिटं मिळतात. टग ४ अँपिअरवर चालत असेल तर तीच बॅटरी तासभर पुरते. प्रोपेलरला लागणारी शक्ती साधारण फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेऱ्या निम्म्या केल्या की शक्ती एक-अष्टमांशावर येते. म्हणून वेळ कमी पडतोय असं वाटलं तर मोठी बॅटरी घेण्याआधी थ्रॉटलवरचा हात थोडा सैल करून पाहा.

आता पर्याय. वेगाच्या बोटीत लिपोला खरा प्रतिस्पर्धी नाही. सेलमागे ३.७ व्होल्ट, वजन कमी आणि करंट भरपूर. पाकिटावरच्या ‘सी’ आकड्यावर, म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट मिळेल या दाव्यावर, मात्र विसंबू नका. ५००० एमएएच गुणिले ३०सी म्हणजे कागदावर १५० अँपिअर होतात, पण हे आकडे बऱ्याचदा फुगवलेले असतात. बोटीच्या गरजेच्या दुप्पट आकडा धरून चाला. धाव संपल्यावर पॅक हातात धरवत नसेल इतका तापला, तर पॅक लहान पडतोय किंवा प्रोपेलर मोठा आहे.

निकेल-मेटल हायड्राइड जड आणि मंद आहे, पण लहान मुलाच्या हातात द्यायच्या बोटीसाठी मी तीच निवडेन. चार्ज संपत आला की बोट हळूहळू दमते आणि तळ्याच्या मध्यावर अडकण्याआधी इशारा मिळतो. लिपोचा व्होल्टेज बराच वेळ टिकून एकदम कोसळतो, म्हणून तिच्यासाठी ट्रान्समीटरवर टायमर लावावाच लागतो. जुन्या ७.२ व्होल्टच्या निकेल पॅकऐवजी २एस (मालिकेत दोन सेलची) लिपो टाकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. जुन्या ब्रश्ड (ब्रशवाल्या मोटरच्या) ईएससीत बहुधा कमी व्होल्टेजला वीज तोडायची सोय नसते. तो लिपोला ३ व्होल्टच्या खाली ओढत नेतो, आणि तिथून ती पूर्ववत होत नाही. शिवाय भरलेली २एस लिपो ८.४ व्होल्ट देते, त्यामुळे मोटरवरचा भारही वाढतो.

टग आणि ट्रॉलरवाल्यांनी शिशाच्या बॅटरीला नाक मुरडू नये. अशा बोटीला पाण्याच्या रेषेपर्यंत बुडवायला वजन लागतंच. लिपो घालून वर शिशाचे तुकडे भरण्यापेक्षा यूपीएसच्या दुकानात मिळणारी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी घ्या. दोन किलोंहून जड असल्याने भाराचं कामही तीच करते.

मधला मार्ग म्हणजे एलएफपी, अर्थात लिथियम आयर्न फॉस्फेट. सेलमागे ३.२ ते ३.३ व्होल्ट, तेवढ्याच ऊर्जेला लिपोपेक्षा जड, पण उष्णतेला कितीतरी शांत आणि जास्त वर्षं टिकणारी. शिडाच्या बोटीत वीज लागते ती फक्त रिसीव्हर, सुकाणू फिरवणारी छोटी मोटर (सर्व्हो) आणि शिडाची दोरी ओढणारा विंच यांना. तिथे दोन सेलचा ६.६ व्होल्टचा पॅक, सर्व्होची मर्यादा पाहून, बहुतेक वेळा थेट जोडता येतो. चार्जरला एलएफपीचा मोड हवा, कारण ती ३.६ व्होल्टला भरते. लिपोच्या ४.२ च्या सेटिंगवर तिला कधीही लावू नका.

सांभाळण्यात खरा फरक दिसतो. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवायची. लिपोचं उलट: वापर नसताना सेलमागे ३.८ ते ३.८५ व्होल्टवर. आपल्याकडे हे फार आड येतं. शनिवारी रात्री पॅक भरला, रविवारी पाऊस कोसळला, बेत रद्द झाला आणि पॅक भरलेलाच राहिला. असे काही आठवडे गेले की आत वायू धरतो आणि पॅक फुगतो. फुगलेला पॅक दाबून, टाचणी टोचून सरळ होत नाही. तो वापरातून काढून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायचा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत पॅक ठेवणं हेही तेवढंच वाईट. चार्जिंग नेहमी बॅलन्स लीड (प्रत्येक सेल सारखा भरू देणारी छोटी वायर) जोडून, १सी दराने, म्हणजे ५००० एमएएचला ५ अँपिअर, फरशीवर आणि समोर बसून. तळ्यावरून आणलेला गरम पॅक आधी थंड होऊ द्या. बॅलन्स चार्जरचे पैसे लिपोच्या किमतीतच धरा. तो परवडत नसेल तर लिपोही परवडत नाही.

खाडीत बोट चालवत असाल तर कनेक्टर गोड्या पाण्याने धुऊन वाळवणं आलंच. खारं पाणी आत शिरलेला पॅक चार्जरला लावू नका, उघड्यावर बाजूला ठेवून लक्ष ठेवा.

वेगाची बोट ठरलीच असेल तर पॅकची मांडणीही विचारात घ्या. ट्रॅक्सस कंपनीची स्पार्टन ही वेगाची बोट दोन ३एस लिपो मालिकेत जोडून ६एसवर धावते, आणि तीच बोट दोन निकेल पॅकवरही चालते. नवशिक्याने निकेलवर हात बसवावा आणि मग लिपोकडे जावं. दोन्ही लिपो एकाच वयाच्या, एकाच क्षमतेच्या आणि सारख्या भरलेल्या हव्यात, नाहीतर दुबळी आधी रिकामी होऊन खराब होते. परदेशातून कुणी बॅटरी आणणार असेल तरी दोन ३एसच सोयीच्या. ५००० एमएएचचा ३एस पॅक ५५.५ वॅट-तासांचा भरतो आणि विमानात केबिनमध्ये नेता येतो, टोकं टेपने झाकून. तेवढ्याच क्षमतेचा ६एस पॅक १११ वॅट-तासांचा होतो, म्हणजे १०० ची मर्यादा ओलांडतो, आणि त्यासाठी विमान कंपनीची आधी परवानगी घ्यावी लागते. चेक-इनच्या सामानात सुटी लिपो दोन्ही बाबतींत चालत नाही.