मराठी शिकायला काय घ्यावं : अक्षरभारती की कॉलेजचं गद्य-पद्य?

बदली होऊन नांदेड-परभणीकडं आलेले बँकवाले, डॉक्टर, नाहीतर इथलेच पण घरात उर्दू-तेलुगू बोलणारे, यातले बरेच जण विचारतात की हिंदीमुळं देवनागरी येते, आता मराठी सुधरायला वेच्यांचं, म्हणजे निवडक उताऱ्यांचं, कोणतं पुस्तक घेऊ.

माझं मत सरळ आहे, बालभारतीचं घ्या. पण बघून घ्या, कारण मराठी मीडियमच्या नववी-दहावीला असतं ते कुमारभारती, ते ज्यांच्या घरात मराठी आहे त्यांच्यासाठी. तुमच्या कामाचं म्हणजे सुलभभारती, आठवीपर्यंतचं, आणि त्यापुढं नववी-दहावीचं अक्षरभारती, जे इंग्रजी-उर्दू मीडियमची पोरं शिकतात. धडे छोटे आणि खालचा स्वाध्याय हा खरा माल, पण मोठी माणसं नेमका तोच सोडून नुसतं वाचत सुटतात (लाज वाटते बहुतेक, शाळेच्या पुस्तकात पेन्सिल चालवायची). ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट आहे.

कॉलेजचं, म्हणजे बीएला लावतात तसलं संपादित गद्य-पद्य, त्यात निवड भारी असते यात वाद नाही, पण मांडणी बऱ्याचदा काळाप्रमाणं, म्हणजे पहिल्याच पानावर लीळाचरित्र नाहीतर ज्ञानेश्वरी, 13व्या शतकातली मराठी, जी आपल्यालाच टीप बघितल्याशिवाय कळत नाही तर नव्या माणसानं काय करावं! शिवाय उतारा मोठ्या पुस्तकातून कापलेला, मागचा-पुढचा संदर्भ प्रस्तावनेत आणि प्रस्तावना समीक्षेच्या भाषेत. घ्यायचंच असेल तर मागून पुढं वाचा. आणि त्यात गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग असले तर ते आधी घ्या, छोटे आहेत आणि दळण-कांडण, झाडलोट असले घरातले शब्द मिळतात.

एक गोष्ट मात्र या दोन्हीत फारशी मिळत नाही, ती म्हणजे इथली बोली. पुस्तकात ‘मी जात आहे’ आणि मोंढ्यात, म्हणजे बाजारात, ‘मी जायलो’, ‘काय करायलास?’. त्यासाठी वेचे नको, आख्खी कथाच पाहिजे. आसाराम लोमटेंचा ‘आलोक’ हा कथासंग्रह घ्या, 2016चा साहित्य अकादमी मिळालेला, पण तो सुरुवातीला नको, अक्षरभारती उरकल्यावर. कॉलेजचं पुस्तक तोवर लायब्ररीतून आणलं तरी भागतं, विकत कशाला.