२८० रुपयांचा मल्टिमीटर, पैसे वसूल

पुण्यातल्या तापकीर गल्लीतून मागच्या महिन्यात हा पिवळा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट, करंट मोजायचं यंत्र) घेतला, कंपनीचं नावगाव काही नाही. घेतला होता खरंतर घरातल्या इन्व्हर्टरसाठी, पण कामाला आला गाडीच्या.

झालं असं की सलग चार दिवस पाऊस, गाडी पार्किंगला उभी, पाचव्या दिवशी चावी मारली तर नुसतं टक्, परत मारली परत टक्, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) काही फिरेना. कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याला बोलावलं तर तो बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला साहेब बॅटरी गेली, साडेपाच हजार होतील. मला डाउट आला कारण चावी मारताना हेडलाइट लावून बघितले होते आणि ते जरापण मंद होत नव्हते, बॅटरी बसलेली असती तर लाइट तिथंच मान टाकतात.

मग मीटर काढला, डीसी २० व्होल्टवर ठेवला, बॅटरीला १२.५ आले. पण एवढ्यावर खूश व्हायचं नाही, खराब बॅटरीपण नुसती बसून १२ च्या वर दाखवते आणि लोड आला की झोपते. म्हणून आईला चावी मारायला बसवलं (गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून, तरी ती "मारू का?" विचारायची आणि मी हो म्हणायच्या आत मारायची). सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यायचा, माझा ११.९ च्या खाली गेलाच नाही, म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे पण करंट मधेच कुठंतरी अडतोय.

आता खरी गंमत, एक प्रोब (मीटरच्या वायरीची टोकदार काडी) बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला आणि परत चावी. इथं अर्धा व्होल्टपण यायला नको, आले साडेचार! म्हणजे करंट इथंच अडतोय. इंजिनहून चेसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी, वरून धडधाकट दिसत होती, खोलली तर आत हिरवा चुरा आणि निम्म्या तारा तुटलेल्या. नवीन पट्टी १८० ला मिळाली, बोल्टची जागा पॉलिश पेपरनं घासली, वरून व्हॅसलीन, पहिल्या चावीत चालू. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ दिसले, म्हणजे अल्टरनेटरपण चार्जिंग करतोय.

मीटरबद्दल तक्रारी आहेतच. वायरी एकदम पातळ, प्रोबची टोकं घसरतात, मॅन्युअल भिंगातून वाचावं लागतं आणि उन्हात आकडा दिसत नाही. चार स्टार.

घेणाऱ्यांनी एकच बघा, लाल वायर मीटरच्या १० अँपिअरच्या (करंट मोजायच्या) भोकात राहिली असेल तर तशीच बॅटरीला लावू नका, डायरेक्ट शॉर्ट होतो, मीटर जाईलच आणि हातपण भाजेल.