लॅब्रॅडॉरचं (लॅबचं) पिल्लू की मोठा देशी कुत्रा?

ऑटिझम असलेल्या मुलासाठी कुत्रा आणायचा म्हटलं की जो तो सांगतो, "लॅबचं पिल्लू आणा, दोघं एकत्र वाढतील." ऐकायला गोड आहे. पण चार-सहा महिन्यांचं झालं की पिल्लाचे दात बदलतात आणि ते चप्पल, सोफा, मुलाची बोटं, काहीही चावतं. वर अंगावर उड्या आणि अवेळी भुंकणं. ज्याला मिक्सरचा आवाजही सोसत नाही, त्याला हे जडच जाणार.

दोन-तीन वर्षांच्या दत्तक देशी कुत्र्याचा स्वभाव बराचसा घडलेला असतो. मुलाला घेऊन तीन-चारदा भेटायला जा. मूल किंचाळलं तर कुत्रा मागे सरतो की गुरगुरतो, ते तिथेच कळतं. रस्त्यावर मार खाल्लेला कुत्रा मात्र दचकतो. जेवताना त्याच्या ताटलीजवळ मुलाला जाऊ देऊ नका. (हे लॅबलाही लागू.)

लॅबची जमेची बाजू म्हणजे त्याचं तीसेक किलोंचं धूड. अंगाला टेकलेला तो भार काही मुलांना शांत करतो. केस मात्र वर्षभर गळतात.

आम्ही देशी कुत्री आणली. लेकानं तीन आठवडे तिच्याकडे पाहिलंही नाही. मग एका दुपारी तिचा कान दोन बोटांत धरून चोळत बसला. ती हलली नाही. आता शाळेतून आला की आधी कान, मग दप्तर.