पहिला सिंथ कोणता? एकाच गाण्यावर तिघांची परीक्षा

माझ्या पहिल्या कीबोर्डात हजारावर तयार आवाज होते. त्यातले मी वापरले फार तर वीस. बाकीचे ‘कधीतरी बघू’ म्हणून ठेवले, आणि तो दिवस काही उगवला नाही. आवाजात जरा बदल करायचा तर छोट्या पडद्यावर मेन्यूच्या पोटात मेन्यू उघडत जावं लागे. तिसऱ्या मेन्यूपर्यंत पोचेस्तोवर डोक्यातली चाल पसार झालेली असे. कीबोर्ड वाईट नव्हता. मला तयार आवाज वाजवायचेत की आवाज घडवायचेत, हे न ठरवताच तो घेतला होता.

घरी छोटा स्टुडिओ मांडणाऱ्यासमोर साधारण तीन वाटा असतात. एक, मिडी कंट्रोलर (मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक यांच्यातली संदेशांची भाषा): त्याला स्वतःचा आवाजच नसतो, तो संगणकातून येतो. दुसरी, नॉबांनी भरलेला छोटा सिंथ, म्हणजे विजेने आवाज घडवणारा सिंथेसायझर, जो आवाज तुमच्याकडूनच करवून घेतो. तिसरी, पियानोपासून ढोलताशापर्यंत सगळं तयार असलेला पाच सप्तकांचा कीबोर्ड. बोलणं हवेत राहू नये म्हणून नावं घेतो. पहिल्या वाटेवर नोव्हेशन लाँचकी किंवा आर्टुरिया कीलॅब इसेन्शियलसारखा ६१ पट्ट्यांचा कंट्रोलर, दुसरीवर कॉर्ग मिनीलॉग, तिसरीवर रोलँड जुनो-डीएस६१. मॉडेलं येतील-जातील, जाती याच राहतील.

वैशिष्ट्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवले की तिसरा हमखास जिंकतो. मिनीलॉगवर एका वेळी ४ स्वर वाजतात, जुनोवर १२८. मिनीलॉगच्या पट्ट्या ३७ आणि त्याही अरुंद, जुनोच्या ६१ आणि पूर्ण आकाराच्या. तक्ता खोटं बोलत नाही, पण कामाचं बोलतोच असंही नाही. त्यापेक्षा तिघांनाही एकच गाणं देऊ: खाली बास, मध्ये पियानोची साथ, मागे लांबवलेला पॅड, म्हणजे भरून राहणारे कॉर्ड, आणि वरून एक लीड, म्हणजे मुख्य चाल.

बास

बास हा मिनीलॉगचा हातखंडा. इथे चार स्वरांची मर्यादा आड येत नाही, कारण बास एका वेळी एकच स्वर वाजवतो. प्रत्येक स्वरामागे दोन ॲनालॉग ऑसिलेटर, म्हणजे मूळ लहर काढणारे भाग, आहेत. दोन्हींवर करवतीच्या दात्यांसारखी लहर निवडा, दुसरा केसभर बेसूर करा, आवाज लगेच जाड होतो. मग आवाजातला वरचा तीव्र भाग कापणारा फिल्टर खाली ओढा. तो प्रति सप्तक १२ डेसिबल उतार देतो किंवा २४, एका खटक्यावर बदलतो. २४ वर कडा गोल होतात, १२ वर थोडी धार शिल्लक राहते. युनिसन लावलं की चारही स्वर एकाच पट्टीवर गोळा होतात, म्हणजे एका स्वराला आठ ऑसिलेटर. छोट्या पडद्यावर लहरीचा आकार दिसत असतो. फिल्टर बंद होताना करवतीचे दाते झिजत झिजत गुळगुळीत होतात, ते डोळ्यांनी बघता येतं. ‘कटऑफ’ (फिल्टर जिथून कापायला लागतो ती जागा) म्हणजे काय हे मला कुठल्याही व्हिडिओतून जितकं कळलं नव्हतं तितकं त्या चिमुकल्या पडद्यानं दहा मिनिटांत शिकवलं.

जुनोवर बासचा आवाज शोधायला अर्धा मिनिट पुरतो आणि तो बरा असतो. थोडाफार फेरफार समोरच्या नॉबांवर होतो, त्याहून खोल जायचं तर पुन्हा मेन्यू.

कंट्रोलरच्या मागे सर्ज एक्सटी किंवा व्हायटल हा संगणकातला सिंथ ठेवा. सर्ज एक्सटी पूर्ण मोफत आणि मुक्तस्रोत आहे, व्हायटलचीही मोफत आवृत्ती मिळते. आवाजाच्या दर्जात ते कुठेही उणे नाहीत. मिनीलॉगला जमणार नाहीत अशा करामतीही करतात. अडचण निराळीच आहे. कंट्रोलरवरचा तिसरा नॉब आज फिल्टर फिरवतो, उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकोची लांबी बदलतो. मिनीलॉगवरचा कटऑफचा नॉब मात्र जन्मभर कटऑफचाच. न बघता हात तिथे जायला लागतो, आणि वाजवता वाजवता आवाज घडवायचा असेल तर या सवयीला पर्याय नाही.

याचा उलटा पुरावा इतिहासात आहे. १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स७ वर नॉब जवळजवळ नव्हतेच. सपाट बटणं आणि आकडे भरायला एक सरकपट्टी. आत लहरी काढणारे सहा ऑपरेटर आणि त्यांच्या ३२ जोडण्या असलेलं अफाट यंत्र. पण बहुतेकांनी त्यातले तयार आवाजच वापरले आणि त्या दशकातल्या गाण्यांमधून तोच इलेक्ट्रिक पियानो पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिला. आवाज कमी होते म्हणून नव्हे, हात घालायला जागा नव्हती म्हणून.

पियानोची साथ

इथे मिनीलॉग सरळ नापास. त्यात पियानोचा ध्वनिमुद्रित नमुना नाही, तीन सप्तकांत दोन हात एकमेकांना धक्के देतात आणि सस्टेन पेडल जोडायला भोकच नाही. कॉर्गच्याच मायक्रोकॉर्ग या छोट्या सिंथची कथा वेगळी नाही. पियानो शिकलेल्या माणसाला याचा इतका वैताग येतो की बाकीचे गुण दिसेनासे होतात.

जुनो इथे खरा कामाचा. पूर्ण पट्ट्या, पेडल, पटकन बसणारा आवाज. फक्त तो १२८ चा आकडा जरा तपासून घ्या. एका आवाजात चारपर्यंत थर असू शकतात आणि प्रत्येक थर आपला वाटा खातो. चार थरांचा आवाज असेल तर १२८ चे ३२ झाले. पेडल दाबून वाजवताना तेही पुरतात, पण ‘१२८ म्हणजे कधीच न संपणारे’ हा समज नको.

संगणकातला चांगला पियानो काही गिगाबाइटचा असतो, प्रत्येक पट्टी हळू-जोरात वेगवेगळी ध्वनिमुद्रित केलेली. नुसत्या आवाजात तो जुनोला मागे टाकतो. त्याची किंमत उशिरात मोजावी लागते. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबात १२८ चा बफर (संगणक एका दमात हाताळतो तेवढे नमुने) म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, ५१२ चा म्हणजे जवळपास १२, आणि यावर इंटरफेसचा, म्हणजे संगणकात आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीचा, उशीर वेगळा. ३ कुणाला कळत नाहीत. १२ च्या पुढे मात्र बोटं अडखळतात आणि आपण उगाच स्वतःच्या रियाजाला दोष देत बसतो. संगणक जुना असेल तर छोट्या बफरवर आवाज कडकडतो. म्हणून कंट्रोलर घ्यायच्या आधी आपल्याच संगणकावर एखादा मोफत सिंथ उतरवून, टंकायच्या कीबोर्डवरूनच का होईना, वाजवून बघा.

पियानोचीच तालीम करायची असेल तर हे तिन्ही चुकीचे. ६१ पट्ट्यांच्या या कीबोर्डांत बहुधा स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्या असतात. त्यासाठी ८८ वजनदार पट्ट्यांचं वाद्य लागतं, आणि ती निवड वेगळ्या निकषांवर करायची.

पॅड आणि लीड

पॅडला मिनीलॉगचे चार स्वर टोचतात. तीन स्वरांचा कॉर्ड धरला, सोडला, त्याची शेपूट अजून हवेत आहे तोवर दुसरा कॉर्ड आला की पहिल्याची शेपूट तुटते. शिवाय आवाज बाहेर पडतो तो मोनो. मी यावर उपाय म्हणून एक कॉर्ड एका ट्रॅकवर, पुढचा दुसऱ्यावर असं ध्वनिमुद्रण करतो. मग तेच सगळं फिल्टर थोडा हलवून पुन्हा वाजवतो आणि एक फेरी डावीकडे, दुसरी उजवीकडे ठेवतो. वेळ जातो. पण दोन फेऱ्या कधीच हुबेहूब नसतात, त्यामुळे जो रुंद, श्वास घेतल्यासारखा आवाज तयार होतो तो मला तयार स्टिरिओ पॅडमध्ये सापडलेला नाही. एवढी खटपट नको असेल तर मिनीलॉग एक्सडी बघा: स्वर चारच, पण बाहेर स्टिरिओ, आत इफेक्ट आणि तिसरा डिजिटल ऑसिलेटर. आर्टुरिया मिनीफ्रीकवर सहा स्वर आहेत. त्याच्या धाकट्या भावावर, मायक्रोफ्रीकवर, चार मिळतात, पण ते सगळे एकाच फिल्टरमधून जातात. कॉर्ड वाजतो, स्वरागणिक फिल्टर स्वतंत्र उघडझाप करत नाही. जुनो आणि संगणक इथे निवांत पास.

लीडसाठी मींड हवी. मिनीलॉगवर त्यासाठी तिरकी सरकपट्टी आहे, जुनोवर डावी-उजवीकडे ढकलायची दांडी, कंट्रोलरवर बहुधा चाकं किंवा स्पर्शपट्ट्या. सवयीचा प्रश्न. पट्टी दाबलेली असताना आणखी जोर देऊन सूर थरथरवणं, म्हणजे आफ्टरटच, मिनीलॉगवर नाही आणि जुनोवरही नाही. गंमत म्हणजे ते मायक्रोफ्रीकवर आहे आणि प्रत्येक पट्टीला स्वतंत्र आहे. त्याच्या पट्ट्या हलतच नाहीत, बोटाच्या स्पर्शावर चालतात. काहींना ते अद्भुत वाटतं, काहींना भिंतीवर बोटं आपटल्यासारखं. मी दुसऱ्या गटातला.

तारांचा हिशेब

हा भाग कुणी आधी सांगत नाही. मिनीलॉग यूएसबीने संगणकाला जोडला की त्या तारेतून फक्त मिडी जातं, म्हणजे कोणती पट्टी किती जोरात दाबली एवढी बातमी. आवाज जात नाही. त्यासाठी ऑडिओ इंटरफेस आणि जॅकची वेगळी केबल लागते. यामाहा मोडेक्ससारखे काही मोठे कीबोर्ड यूएसबीतूनच आवाजही देतात, तिथे हा त्रास वाचतो. इंटरफेस दोनच इनपुटचा असेल तर केबलने जोडलेला स्टिरिओ कीबोर्ड दोन्ही जागा अडवतो आणि गायचं झालं की दर वेळी तार उपसून मायक्रोफोन लावावा लागतो. मिनीलॉगचा मोनो इथे उलट सोयीचा, एक जागा मोकळी राहते. कंट्रोलरला जागा लागतच नाही.

यूएसबी आणि जॅक दोन्ही लावल्यावर कधी कधी बारीक गुणगुण सुरू होते. दोन वाटांनी अर्थिंग जुळल्याचा हा परिणाम. मिडीची जुनी पाच पिनांची तार वापरली तर बहुतेक वेळा ती थांबते, कारण तिथे संदेश प्रकाशाच्या साहाय्याने पलीकडे जातो, विजेचा सांधा राहत नाही. ही तार म्हातारी आहे पण मुळीच निकामी नाही. जानेवारी १९८३ मध्ये नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ तिनेच एकमेकांना जोडले होते, आणि त्या काळातलं मिडीवालं वाद्य आजच्या वाद्याशीही बोलतं. म्हणून पहिली खरेदी थोडी चुकली तरी वाया जात नाही. पट्ट्या चांगल्या असतील तर त्या पुढच्या सिंथला कंट्रोलर म्हणून चालतात.

वापरलेला घेत असाल तर प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून बघा, प्रत्येक नॉब फिरवताना आवाजात खरखर येते का ऐका, आणि ॲडॅप्टरचे व्होल्ट व मधल्या पिनेची धन-ऋण बाजू यंत्रावरच्या खुणेशी ताडून पाहा. चाळीस वर्षांच्या यंत्रांच्या मोहात पहिल्याच खेपेला पडू नका. रोलँडचा जुना जुनो-१०६ सुंदर वाजतो, पण त्यातल्या स्वरांच्या चिप एकेक करून दगा देतात, हे दुरुस्ती करणाऱ्यांत पाठ झालेलं आहे.

मग घ्यायचा कोणता

संगणक बरा असेल, गाणी पूर्ण करायची असतील आणि आवाज घडवण्याची खाज अजून कळलेली नसेल, तर ४९ किंवा ६१ पट्ट्यांचा कंट्रोलर आणि मोफत सॉफ्टवेअर. सहा महिन्यांनी तुमचा माउस सारखा कुठल्या नॉबकडे जातो ते बघा. तोच नॉब ज्याच्या अंगावर आहे तो सिंथ मग घ्या.

दिवसभर पडद्यासमोर काम करून संध्याकाळी पुन्हा पडदा उघडवत नसेल, तर मिनीलॉगच्या जातीचा. पियानो येत नाही ही इथे अडचण नाही, कदाचित सोयच. स्वर ओळीने आपोआप वाजवणाऱ्या १६ पायऱ्यांच्या सीक्वेन्सरवर एकेक स्वर टाकत गेलं तरी चाल उभी राहते.

इतरांबरोबर वाजवायचं असेल, कधी ऑर्गन कधी व्हायोलिन लागत असेल आणि संगणक सोबत न्यायचा नसेल, तर जुनोच्या जातीचा. फक्त घरच्या स्टुडिओसाठी, संगणक असताना, मी तो पहिला म्हणून सुचवणार नाही.

माझा तो हजार आवाजांचा कीबोर्ड अजून टेबलावर आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकल कंट्रोल’ बंद करून ठेवलंय, म्हणजे त्याच्या पट्ट्या त्याचा स्वतःचा आवाज वाजवत नाहीत. पाच पिनांची एक तार वरच्या कप्प्यातल्या छोट्या सिंथकडे जाते. खाली दोन हात मोकळे वाजवता येतात, आणि मधूनच एक हात वर कटऑफकडे जातो.