सणांचा बॉक्स: वर्षभर वापरून मग लिहितेय

गेल्या वर्षी गणपतीच्या आसपास माझी मावसबहीण अश्दोदहून आली तेव्हा तिच्या बॅगेतून मुलांसाठी हा बॉक्स आला. ज्यू सणांचा. आत आठ पाकिटं, रोश हशानापासून (नवं वर्ष) शावुओतपर्यंत (धर्मशास्त्र मिळाल्याचा सण), प्रत्येकात एक गोष्टीचं कार्ड, काहीतरी करायचं सामान आणि एक छोटंसं प्रश्नाचं कार्ड. सगळं इंग्रजीत, मधेमधे हिब्रू. आपल्या पैशात साधारण साडेतीन हजार. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत, आमच्या ग्रुपवर ज्यांनी मागवलाय त्यांना कळेलच कुठला ते.

आधी आमचं सांगते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, ठाण्यात राहतो, मुलगा दहाचा, मुलगी सातची. भारतात आपण उरलोय जेमतेम पाचेक हजार, मुलाच्या अख्ख्या शाळेत तो एकटाच ज्यू. त्यामुळे सण म्हणजे काय हे त्याला वर्गातल्या मुलांना समजावून सांगावं लागतं आणि तो आत्तापर्यंत "आमची दिवाळी असते तशी" असं सांगून मोकळा व्हायचा. टेंभी नाक्याजवळच्या आपल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनामंदिर, १८७९ चं आहे ते) आम्ही नेतो मुलांना, पण तिथे प्रार्थना हिब्रूत, मुलं अर्धा वेळ अंगणात. शोफार (मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य) वाजला की धावत आत येतात, तेवढंच. मला हवं होतं की बाबा हे सगळं आपण का करतो ते त्यांना घरात, आपल्या भाषेत कळावं.

तर पहिलं पाकीट उघडलं रोश हशानाचं, सफरचंद-मध वगैरे, ठीकठाक. आमच्याकडे त्या दिवशी चिकचा हलवा असतो, त्याच्यापुढे सफरचंदाला कोण विचारतो.

खरा बॉक्स उघडला तो योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी. प्रश्नाच्या कार्डावर एवढंच होतं की ज्याची माफी मागायची आहे अशा एका माणसाचं नाव लिही आणि आता त्याच्याकडे जा. बस. देवाचं नावही नाही कार्डावर. मागच्या बाजूला बारीक अक्षरात मिश्ना ह्या जुन्या धर्मग्रंथाचा आधार दिलाय, की माणसाने देवाचा केलेला अपराध योम किप्पूरने फिटतो पण माणसाने माणसाचा केलेला फिटत नाही, त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय. मला वाटलं मुलगा बहिणीचं नाव लिहील, सोपं काम. त्याने लिहिलं "वॉचमन काका".

मग कळलं की मे महिन्यात खाली क्रिकेट खेळताना ह्याच्या बॉलने पार्किंगची ट्यूबलाइट फुटली होती आणि ह्याने सेक्रेटरींना सांगितलं होतं की कोणी फोडली माहीत नाही, काका तर झोपलेले होते. काकांना बोलणी बसली. चार महिने पोरगं हे पोटात घेऊन फिरतंय आणि मला पत्ता नाही!! खाली गेला, मी जिन्यातून बघत होते, दहा मिनिटं केबिनजवळ उभा राहून व्हिजिटर रजिस्टरला बांधलेलं पेन गोल गोल फिरवत होता. मग बोलला. काका हसले, म्हणाले, "अरे ते मी कधीच विसरलो. पण सेक्रेटरी साहेब नाही विसरले ना. त्यांना कोण सांगणार?" आता हे कुठल्याच कार्डावर नव्हतं. पोराचा चेहरा पडला. रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आधी सेक्रेटरींची बेल वाजवली त्याने, एकट्याने. ह्या एका पाकिटासाठी माझे साडेतीन हजार वसूल.

पेसाख म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण, त्याचं पाकीटही असंच उतरलं. सेदेरला (त्या रात्रीचं विधीचं जेवण) इजिप्तवर आलेल्या दहा संकटांची नावं घेताना आपण पेल्यातून दहा थेंब ताटलीत काढतो (आमच्याकडे काळ्या मनुकांचं शरबत, वाइन नाही), मी लहानपणापासून करत आलेय आणि खरं सांगायचं तर का करतो ते कधी विचारलं नव्हतं. कार्डावर प्रश्न होता की दुसऱ्याचं वाईट झालं तेव्हा आपला पेला काठोकाठ भरलेला असावा का. मुलगी म्हणाली पण ते इजिप्तवाले वाईट होते ना, आपल्याला गुलाम केलं होतं त्यांनी. मी म्हटलं हो. मग बोट शरबतात तसंच बुडवून बसली बराच वेळ आणि विचारलं की त्यांची लहान मुलं पण वाईट होती का. ह्यांनी पुढचं वाचायचं थांबवलं. कार्डावर उत्तर दिलेलं नाही आणि ते बरंय, कारण उत्तर असतं तर आम्ही वाचून मोकळे झालो असतो. सेदेरच्या पोथीतल्या चार मुलग्यांच्या गोष्टीवर मात्र बाईसाहेबांनी विचारलं की मुली कुठायत, त्यावर घरात अजून कोणाकडे उत्तर नाही.

आता तक्रारी. हनुक्काचं (आठ दिवस दिवे लावायचा सण) पाकीट सगळ्यात जाड. का तर अमेरिकेत तो मोठा सण. अहो आपल्या लोकांना कोकणात हनुक्का माहीतच नव्हता, तो फार नंतर आला आपल्याकडे, आणि ह्यांनी स्टिकर, भोवरे, कागदी मुकुट, चॉकलेटची नाणी सगळं कोंबलंय. नाणी प्रवासातच वितळून सोनेरी कागदाला चिकटलेली, कंपनीला मेल केला तर "थंड जागी ठेवा" असं उत्तर. एक चांगली गोष्ट होती, पहिल्या दिवशी एक दिवा आणि रोज एक वाढवत आठपर्यंत का न्यायचं, आठवरून कमी करत का नाही, हिल्लेल आणि शम्माई ह्या दोन जुन्या धर्मगुरूंच्या मंडळींचा ह्यावर जुना वाद आहे, पण ती स्टिकरच्या ढिगाखाली एका ओळीत. मुलांनी स्टिकर लावले आणि संपलं. पुरीमचंही तेच, मुखवटे तीन आणि गरिबांना द्यायचं त्याबद्दल एक वाक्य. सुक्कोतच्या कार्डात एत्रोग (सणाला लागणारं लिंबासारखं फळ) हातात घेऊन वास घ्या असं लिहिलंय, घेतो की, आधी मिळवून द्या!

आणि 'तू बिश्वात', झाडांचा सण, नाहीच. म्हणजे बघा, आपण त्या दिवशी मलिदा करतो, पोहे-नारळ-गूळ, फळं, एलियाहू हनाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव घेतो, अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या टापेपाशी (खडकावरच्या खुणा) लोक जातात. बॉक्स बनवणाऱ्याला हे माहीत असायचं कारण नाही हे मान्य, पण झाडांचा सण अख्खाच गाळायचा?

तिशा बआवही नाही, म्हणजे जेरुसलेमची मंदिरं पडल्याचा शोकाचा दिवस. बहिणीला विचारलं तर म्हणाली दुःखाचा दिवस आहे, लहान मुलांच्या खोक्यात कोण घालेल. मला हे पटत नाही. मुलांना रडू येतं तेवढं आपल्यालाही येत नसेल. दुसरं मंदिर का पडलं तर लोक एकमेकांचा उगाच द्वेष करत होते म्हणून, असं तालमूद हा धर्मग्रंथ सांगतो, आणि पाचवीतल्या मुलाइतकं हे कोणाला कळतं, वर्गात रोज बघतो तो.

माझी आजी अलिबागकडची, ती सणांची जुनी नावं सांगायची. योम किप्पूर म्हणजे दार फाळणीचा सण, दारं लावून घरात बसायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दारं उघडायची, गरिबांना वाटायचं, एकमेकांकडे जायचं. आदल्या दिवशी आत वळायचं आणि दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचं, त्या नावातच आहे सगळं, आणि मी मात्र हे परदेशी कार्डावर शोधत होते. शिळा सण मुलाला सांगितला तर म्हणाला, म्हणजे मी सेक्रेटरी काकांकडे गेलो तो दिवस.

घ्यायचा का? ७ ते ११ वयासाठी घ्या, पण मोठं माणूस सोबत बसणार असेल तरच. नुसता मुलांच्या हातात दिलात तर पंधरा मिनिटांत चिकटवायचा गोंद सोफ्याला. इंग्रजी कार्डं मी आधी वाचून मराठीत सांगायचे, त्यात अर्धा तास जातो. पाचपैकी साडेतीन देते, दीड गुण हनुक्काच्या कचऱ्याचा कापला.

नववं पाकीट मी घरीच केलंय, जुन्या लग्नपत्रिकेचं. तिशा बआवला आजी बिरड्याचा सण म्हणायची, कारण त्या दिवशी वालाची बिरडी. कार्डावर प्रश्न लिहिलाय की वर्गात कोणाशी कोणीच बोलत नाही, आणि का. वाल भिजत घातलेत, मोड आले की सोलायला दोघांनाही खाली जमिनीवर बसवणार आहे, किलोभर आहेत, दोन तास कुठे जात नाहीत.