भरीव काँक्रीटच्या भिंती की एएसी ब्लॉक? आधी तुमच्याकडची रात्र बघा

उन्हाळे वाढत चाललेत, मग भिंती कशाच्या घेऊ, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: एएसी ब्लॉक (हवेची बारीक भोकं असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक) घ्या, गार राहतात. हे अर्धंच खरं आहे.

भरीव काँक्रीटचं वजन घनमीटरला साधारण 2400 किलो, एएसी ब्लॉकचं 550 ते 650. ब्लॉकमध्ये बारीक हवेची भोकं असल्यामुळे तो उष्णता बरीचशी अडवतो, काँक्रीट मात्र ती पिऊन घेतं आणि सावकाश सोडतं, 20 सेंमीची भिंत असेल तर दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी सात-आठला आत पोचतं. रात्री दहाला पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावून बघा, कोमट लागते की नाही.

आता खरा मुद्दा. रात्र चांगली गार पडत असेल आणि खिडक्या समोरासमोर असतील तर वाऱ्याने ती उष्णता निघून जाते आणि सकाळी भिंत पुन्हा गार, अशा ठिकाणी मी डोळे झाकून काँक्रीट घेईन. पण जिथे रात्रीही घामाच्या धारा लागतात तिथे ती भिंत मोकळी होतच नाही, दुसऱ्या दिवशी त्यावर अजून उष्णता चढते, तिथे ब्लॉकच. आणि अनेक ठिकाणी रात्री आता पूर्वीइतक्या गार पडत नाहीत हेही धरून चला. खर्च झेपत असेल तर सगळ्यात भारी म्हणजे काँक्रीट आत आणि इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, बाहेरून. बरेच जण ते आतून लावतात, मग काँक्रीटचा गारवा खोलीला मिळतच नाही.

पाणी शिरणारी जागा असेल तर ब्लॉक पाणी शोषतो आणि वाळायला फार वेळ घेतो, म्हणून पाणी चढतं तिथपर्यंत काँक्रीट घ्या, वर ब्लॉक, भूकंपाच्या भागात वरचं वजन कमी झाल्याचाही फायदाच होतो.

भिंतींवर एवढी चर्चा होते पण स्लॅबकडे कोणी बघत नाही, दिवसभर ऊन खातो तो स्लॅब! करडं काँक्रीट ऊन बरंचसं शोषतं, स्वच्छ पांढरा लेप बहुतेक ऊन परत फेकतो, फक्त धूळ बसली की गुण कमी होतो त्यामुळे धुवावा लागतो.

सिमेंटचं बोलायचं तर साधं ओपीसी (नेहमीचं पोर्टलँड सिमेंट) की स्लॅगवालं (लोखंडाच्या भट्टीतली मळी दळून मिसळलेलं)? एक टन क्लिंकर (भट्टीत भाजलेले खडे, जे दळून सिमेंट होतं) बनवताना 800 ते 900 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, स्लॅगवाल्यात क्लिंकर कमी, शिवाय समुद्राच्या खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. पण ताकद हळू येते, सातऐवजी निदान दहा दिवस पाणी मारायची तयारी हवी, गरम वाऱ्यात तर ओली गोणपाटं टाकूनच. तेवढी खात्री नसेल तर ओपीसी घ्या, कारण क्युरिंग, म्हणजे हे पाणी मारणं, कमी पडलेलं स्लॅगवालं काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड लवकर आत घेतं, मग सळईभोवतीचा अल्कलीपणा जातो, गंज चढतो, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पडतात. तांबूस डाग पडलेल्या बाल्कनीच्या कडा बघितल्या असतीलच, त्यातल्या बऱ्याच अशाच गेलेल्या असतात.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम आत जसजसा सरकतो तसतसा मंदावतो, त्यामुळे कव्हर दुप्पट केलं तर सळईपर्यंत पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. ड्रॉइंगवर 30 मिमी लिहिलेलं असतं आणि ओतताना कोणाचा तरी पाय लागून कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारा छोटा ठोकळा) निसटतो, सळई थेट सेंटरिंगच्या प्लेटवर टेकते. म्हणून स्लॅब ओतायच्या दिवशी काहीही करून स्वतः हजर राहा, काँक्रीटची गाडी यायच्या आधी वाकून सळईखाली बोट घालून बघा, आणि ओतणं चालू असतानाही अधूनमधून बघत राहा.