उरलेलं मेण: ग्लासात ओतावं की साच्यात?

दिवाळीतल्या मेणाच्या पणत्यांचे तळ, केकवरच्या बारीक मेणबत्त्या, लाइट गेल्यावर अर्धवट जळालेल्या पांढऱ्या मेणबत्त्यांची थोटकं. असं अर्धा किलो मेण घरात सहज साठतं. त्याची नवी मेणबत्ती तीन तऱ्हांनी होते: ग्लासात किंवा वाटीत ओतून, साच्यात घालून, नाहीतर वात पुन्हा पुन्हा मेणात बुडवून. बुडवायचा नाद सोडा. १५ सेंमीच्या मेणबत्तीला तेवढंच खोल भांडं मेणानं भरलेलं लागतं. दीडेक किलो मेण, २५-३० बुड्या, आणि शेवटी निम्म्याहून जास्त मेण भांड्यातच.

राहिल्या दोन. त्यातली कुठली निवडायची हे तुमच्याकडचं मेण बघून ठरवा. थंड तुकड्यावर नख दाबा. नख जेमतेम उमटलं आणि तुकडा कटकन मोडला, तर ते कडक पॅराफिन. साधारण ५५ ते ६२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि साच्यात उभं राहतं. नख सहज रुतलं तर ते सोय मेण (सोयाबीनच्या तेलापासूनचं) किंवा ग्लासातल्या सुगंधी मेणबत्तीचं मऊ मेण, ५० अंशांच्या आसपास वितळणारं. त्याची उभी मेणबत्ती केली तर ती मे महिन्यात वाकते आणि पेटवली की कडेनं ओघळते. मऊ आणि कडक मिसळलेलं असेल तर ते मऊच समजा आणि ग्लासात ओता. जेलीसारखं पारदर्शक मेण या दोन्हींत नीट मिसळत नाही, ते वेगळं काढा.

वितळवायची रीत दोन्हीकडे एकच. मोठ्या पातेल्यात चार बोटं पाणी, त्यात जुना डबा, डब्यात मेणाचे तुकडे. मेणाचं भांडं थेट गॅसवर ठेवू नका: मेण उकळत नाही, नुसतं तापत जातं आणि शेवटी पेट घेतं. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण घाला. पाणी टाकलं तर भडका उडतो. वितळल्यावर डबा दहा मिनिटं तसाच गरम पाण्यात राहू द्या. काजळी, काडीपेटीच्या काड्या, जुन्या वातींच्या पत्र्याच्या चकत्या तळाशी बसतात. वरचं मेण जुन्या गाळण्यातून ओता. चकत्या पुसून ठेवा, नव्या वातीला त्याच लागतील. डबा सिंकमध्ये धुऊ नका, मेण पाइपात जाऊन थिजतं. गरम असतानाच रद्दीच्या कागदानं पुसा.

आता वात. बहुतेकांचं बिनसतं ते इथेच. देवापुढची कापसाची वात तेलासाठी असते. मेणात ती मोठ्या ज्योतीनं जळते, टोकाला कोळशाचा गोळा धरते आणि धूर करते. हवी ती साध्या सुती दोऱ्याची, तीन पदरांची घट्ट वेणी. वेणी जळताना वाकते, टोक ज्योतीच्या कडेला जाऊन जळून पडतं, म्हणून काजळी साचत नाही. पेलाभर गरम पाण्यात एक मोठा चमचा मीठ आणि दोन चमचे टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून वेणी रात्रभर भिजवा आणि दोन दिवस कडकडीत वाळवा. (टाकणखाराचा पेला पुन्हा स्वयंपाकात नको, आणि मुलांपासून लांब ठेवा.) मग ती वितळलेल्या मेणात बुडवा, बुडबुडे थांबले की काढून ताणून सरळ करा. ओलावा राहिला तर वात तडतडते आणि विझते.

ग्लासासाठी जाड, सरळ कडांचा, साडेसहा-सात सेंमी रुंद ग्लास घ्या. पातळ काच तडकते. आत पाणी भरून मोजा: जितके मिली, त्याच्या ९० टक्के ग्रॅम मेण लागतं. १८० मिलीला १६० ग्रॅम धरा. ग्लास कोमट करून, मेण ७० अंशांच्या आसपास असताना ओता. थर्मामीटर नसेल तर डब्याच्या कडेला मेण धूसर व्हायला लागलं की ओतायची वेळ झाली. मातीची पणती वापरणार असाल तर ती तेलाच्या दिव्यासाठी भिजवतात तशी भिजवू नका, कोरडीच घ्या.

साच्याला ताकाचा किंवा ज्यूसचा २०० मिलीचा खोका चालतो. धुऊन पूर्ण वाळवा, तळाला भोक पाडून वात ओवा, बाहेरून गाठ मारून मुलांच्या खेळायच्या मातीनं बंद करा आणि खोका सेंटिमीटरभर पाण्याच्या ताटलीत ठेवा. झिरपलेलं मेण तिथेच थिजतं. मेण जरा जास्त गरम, ७५ ते ८० अंश. दर ५०० ग्रॅमला ५० ग्रॅम स्टिअरिक ॲसिड घातलं तर मेणबत्ती कडक होते. आठ तासांनी खोका फाडा. घाईनं फ्रीझरमध्ये ठेवली तर तडे जातात.

खड्डा दोन्हींत पडतो, कारण मेण थिजताना आक्रसतं. दहावा हिस्सा बाजूला ठेवा. वर साय धरली की वातीभोवती सुईनं तीन-चार भोकं पाडा आणि राखलेलं मेण थोडं जास्त गरम करून भरा. साच्यात हे चुकवलं तर आत पोकळी राहते आणि मधेच ज्योत बुडते. ग्लासात नुसती खळी दिसते.

रंगाला हळद-कुंकू नको, ते विरघळत नाही आणि वात चोंदते. लाल-हिरवं-निळं एकत्र वितळवलं की मातकट करडा येतो, तेव्हा रंग आधीच निवडून वेगळे करा.

मिश्र थोटकं असतील तर ग्लासच, यात आम्हाला शंका नाही. वात थोडी चुकली तरी तो सांभाळून घेतो. पेटवल्यावर दोनेक तासांत मेणाचं तळं काचेपर्यंत पोचायला हवं. पोचलं नाही तर वात बारीक, धूर आला तर जाड. साच्याच्या मेणबत्तीत उलट: तळं कडेच्या अर्धा सेंमी आत थांबलं पाहिजे, नाहीतर भिंत फुटून मेण टेबलावर वाहतं. म्हणून तिला वात जरा बारीक, आणि खाली कायम ताटली. पेटवण्याआधी दोन्हींची वात ६ मिमी ठेवून बाकीची कापा. ग्लासात तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की विझवा आणि ते पुढच्या खेपेच्या डब्यात टाका.